जीजी अलेस्ट: स्विचवर, मायक्रोवर की जुन्या गेम गिअरवर?

रॉकेटराव: सेगाच्या गेम गिअर या हातात धरायच्या जुन्या कन्सोलसाठी कंपाईल कंपनीने केलेले 'जीजी अलेस्ट' (१९९१) आणि 'जीजी अलेस्ट २' (१९९३) हे विमानाने गोळ्या झाडायचे गेम नीट खेळायचे आहेत. ते ज्यात आहेत ते २०२०चं 'अलेस्ट कलेक्शन' निन्टेंडो स्विचवर घेऊ, त्याच्या खास आवृत्तीतला पांढरा गेम गिअर मायक्रो (गेम गिअरची चिमुकली प्रतिकृती) बघू, की जुना गेम गिअर शोधू? चित्र कुठे स्वच्छ दिसतं? आणि भारतातून मागवायचं कसं?

पिक्सेलमास्तर: स्विच, तोही हातात धरून. गेम गिअरचं चित्र १६० × १४४ पिक्सेलचं, पण पडदा ४:३. म्हणजे मूळ पिक्सेल चौरस नव्हतेच, जरा रुंद होते. स्विचचा पडदा १२८० × ७२०. १४४ची पाचपट बरोब्बर ७२०, १६०ची सहापट ९६०, आणि ९६० × ७२० म्हणजे ४:३च की! एकही पिक्सेल तुटत नाही. १०८०च्या टीव्हीवर पूर्ण उंची भरायला साडेसातपट लागते. मग एक ओळ ७ची, पुढची ८ची होते, आणि पार्श्वभूमी सरकायला लागली की चित्र थरथरतं. फिल्टरने ते झाकलं तर कडा मऊ होतात. टीव्हीवरच खेळणार असाल तर निदान टीव्हीचा गेम मोड (बटण दाबल्यावर होणारा उशीर कमी करणारी सेटिंग) चालू ठेवा.

मायक्रोचा पडदा १.१५ इंची. शोकेसमध्ये शोभतो, पण त्यावर गोळी दिसेपर्यंत विमान गेलेलं असतं.

कॅसेटवाला: डाउनलोडच्या नादी लागू नका. हा संग्रह जपानात निघालेला आहे, आणि मार्च २०२५पासून जपानी ई-शॉपवर (निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानात) परदेशी क्रेडिट कार्डं आणि परदेशात उघडलेली पेपाल खाती चालत नाहीत. म्हणजे खात्याचा देश जपान करा, वर जपानी प्रीपेड कोड शोधा. कॅसेट घेतली की हे सगळं टळतं. स्विचच्या कॅसेटला रीजन लॉक (ठरावीक देशातच चालण्याचं बंधन) नाही, आहे त्याच खात्यावर चालते. फक्त फोटो नीट बघा: हाच संग्रह पीएस४वरही आहे, आणि पांढरा मायक्रो फक्त खास आवृत्तीत मिळतो. कस्टम ड्यूटी धरून हिशोब करा.

रॉकेटराव: आभार. 'जीजी अलेस्ट २'च्या व्हिडिओत गर्दी झाली की शत्रू लुकलुकतात. हा एम्युलेशनचा (नव्या मशीनवर जुन्याची नक्कल करण्याचा) दोष का?

पिक्सेलमास्तर: नाही, मूळ मशीनचीच मर्यादा. गेम गिअर एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट (विमान, शत्रू, गोळ्या अशी हलती चित्रं) काढतो, नववा गायब. कोणी कायमचं अदृश्य होऊ नये म्हणून प्रोग्रामर दर फ्रेमला क्रम बदलतात, त्याची ही लुकलुक. हा संग्रह काढणाऱ्या एम-टू कंपनीने २०२०मध्ये नव्याने केलेला 'जीजी अलेस्ट ३'सुद्धा गेम गिअरच्याच मर्यादा पाळून बनवलाय. खरं तर संग्रह घ्यायचा तो त्याच्यासाठीच.

डाग_डिंक: जुना गेम गिअर घेणार असाल तर कपॅसिटर (बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे भाग) बदलायचे पैसे आधीच बाजूला काढा. त्यातलं रसायन गळतं आणि बोर्डाचे ट्रॅक खातं. आधी आवाज बारीक होतो, मग चित्र फिकटतं. कॉन्ट्रास्टचं चाक पूर्ण फिरवूनही चित्र येत नसेल तर हमखास तेच. विक्रेत्याकडून आवाजासकट व्हिडिओ मागवा, नुसत्या चालू पडद्याच्या फोटोवर जाऊ नका. जुने कपॅसिटर पिळून उपटू नका, बोर्डावरचा पॅडच (ज्यावर डाग देतात तो धातूचा ठिपका) निघून येतो. दोन्ही टोकं आलटून पालटून तापवत उचला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा धुवा, मगच नवे बसवा. ध्रुव उलटे लावू नका. साउंड बोर्ड वेगळा असतो, तोही करायचा विसरू नका. सहा पेन्सिल सेल तीन-चार तासांत बसतात. आणि हेडफोन लावा: स्टीरिओ फक्त तिथेच मिळतो, स्पीकर मोनो आहे.