ऑफिसची ख्रिसमस पार्टी: न येणाऱ्यांची यादी कशाला ठेवायची?

हिंजवडी_फेज_३:
परवा एका एचआरवाल्या बाईंची लांबलचक पोस्ट फिरत फिरत आमच्या टीमच्या ग्रुपवर आली, ऑफिसची ख्रिसमस पार्टी यशस्वी कशी करावी म्हणून. सल्ले असे: पार्टी २४ डिसेंबरला संध्याकाळी सातनंतर ठेवा म्हणजे बिलिंगचे, म्हणजे क्लायंटला बिल लावायचे, तास बुडत नाहीत. गावाबाहेर रिसॉर्ट घ्या म्हणजे माणसं लवकर सटकत नाहीत. प्रत्येकाकडून ५०० रुपये घ्या म्हणजे आपलेपणा वाटतो. आणि जे येणार नाहीत त्यांची यादी ठेवा, कारण ते टीमचे नसतात.

ही यादीवाली ओळ वाचून डोकं सणकलं म्हणून लिहितेय. पार्टी कंपनीची आहे ना, मग कंपनीच्या वेळेत आणि कंपनीच्या पैशाने करा. सात वाजता निघून शिवाजी चौकातून बाहेर पडून लोणावळ्याकडच्या रिसॉर्टला पोचेपर्यंत नऊ वाजतात, मग जेवण अकराला, घरी दोन, आणि ज्या बाईचं पोर पाळणाघरात आहे तिने काय करायचं? आधीच्या कंपनीत माझ्या शेजारी बसणारी एकजण अशीच दोन पार्ट्यांना आली नाही, सासूबाई आजारी होत्या आणि मूल लहान, तर अप्रेझलला साहेब तिला म्हणाले तुम्ही कुणात मिसळत नाही. काम तिचं सगळ्यात चोख होतं.

आणि ती फन कमिटी! त्यात कोण असतं बघा जरा. जॉइन होऊन वर्षही न झालेल्या मुली. फुगे, झाड, सीक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या, केकची ऑर्डर, केटररशी घासाघीस, सगळं स्वतःचं काम सांभाळून. अप्रेझलला त्याचा एक शब्द निघत नाही.

मॅनेजर_बोलतोय:
ताई, यादी ठेवणं चूक, ते सोडून देतो. पण बाकीचं एकतर्फी लिहिलंय तुम्ही. लॉकडाऊननंतर टीम अशी झालीय की दोन दोन वर्षं सोबत काम करून माणसं एकमेकांना फक्त आवाजावरून ओळखतात. लातूर, नांदेड, बीडहून आलेली पोरं पीजीत राहतात, ऑफिस सोडून पुण्यात त्यांचं कुणी नाही. त्यांना ही पार्टी हवी असते, मागच्या वर्षी एक पोरगा मला म्हणाला सर पहिल्यांदाच सगळ्यांशी बोललो. दुपारी तीनला ठेवली की निम्मे लोक हातात केकची प्लेट घेऊन क्लायंट कॉलवर आणि उरलेले पाच वाजता घरी जायच्या बसला. याला पार्टी म्हणायचं? रात्रीशिवाय माणूस मोकळा होत नाही.

हिंजवडी_फेज_३:
लातूरच्या पोराला माणसं हवीत, लोणावळा नाही. तुमच्या पोराला रात्री दोनला पीजीचं गेट कोण उघडून देतं ते पण विचारा कधी.

साधा_विचार:
मुळात ख्रिसमसच का? ऑफिसात दिवाळीला एक मिठाईचा बॉक्स हातात टेकवतात आणि ख्रिसमसला झाड, दिवे, लाल टोप्या. क्लायंट अमेरिकेतला आहे म्हणून त्याचा सण आपण का डोक्यावर घ्यायचा? त्यापेक्षा तो पैसा व्हेरिएबल पेमध्ये, म्हणजे पगाराच्या कमीजास्त होणाऱ्या भागात टाका, गेल्या वर्षी आमचा निम्मा कापलाय.

नगरकर:
दादा, व्हेरिएबलचं भांडण वेगळं करा, त्यात मी तुमच्यासोबत आहे. पण क्लायंटचा सण म्हणू नका. आमच्या नगर जिल्ह्यात गावोगावी चर्च आहेत, डिसेंबरात रात्री कॅरोलवाले दारोदार येतात, पेटी-ढोलकीवर मराठी भजनं म्हणतात, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आजही गातात. २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, वसईचे. नाताळ इथलाच आहे. ऑफिसातल्या लाल टोपीचा या नाताळाशी काही संबंध नाही एवढंच.

वसईची_पोर:
नगरकर, हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं. आता माझं ऐका. माझं ऑफिस अंधेरीला, आणि आमच्याकडे पार्टी दर वर्षी २४ च्या संध्याकाळीच. २४ ला रात्री आमच्याकडे मिडनाइट मिस्सा, म्हणजे चर्चमधली मध्यरात्रीची प्रार्थना असते, घरात कलकल हा नाताळचा गोड पदार्थ, करंज्या चाललेल्या असतात, गोठ्याची सजावट अर्धी राहिलेली असते, पाहुणे आलेले असतात, आणि मी विरार लोकलला लटकून घरी जायच्या ऐवजी ऑफिसात ‘जिंगल बेल’वर नाचणाऱ्यांचे फोटो काढायचे. अख्ख्या मजल्यावर आम्ही पाचसहा जणच ख्रिश्चन, ज्यांचा सण त्यांनाच येता येत नाही, आणि नाही गेलं की टीम लीड म्हणतो अगं तुझीच तर पार्टी आहे! कुणी एकदाही विचारलं नाही की तुला कुठली तारीख चालेल. आमचा आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचा तयारीचा काळ, चार रविवारांचा असतो, डिसेंबरचे पहिले तीन आठवडे मोकळे पडलेत, तेव्हा करा की.

मॅनेजर_बोलतोय:
हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पण मग तारीख आधी घेतली तरी लोक ओरडतातच. आम्ही या वेळी १८ डिसेंबर ठरवली तर दुसऱ्याच दिवशी मेल आला, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आहे.

उपवासवाली:
मेल मी नाही केला पण करायलाच हवा होता. २०२५ चा कॅलेंडर उघडून बघितलं असतं तर कळलं असतं, मार्गशीर्षातले गुरुवार २७ नोव्हेंबर, ४, ११ आणि १८ डिसेंबर. शेवटच्या गुरुवारी उद्यापन असतं, संध्याकाळी सवाष्णींना बोलवायचं, हळदीकुंकू, कहाणीचं पुस्तक द्यायचं. घरात महिनाभर अंडंसुद्धा येत नाही आमच्याकडे. आणि तुम्ही काय आणता, प्लम केक! वर म्हणता एक तुकडा तरी खा. मी नाही म्हटलं की तोंडं वाकडी.

केकवाला_कॅम्प:
अहो मग एगलेस आणा. हल्ली कुठलीही बेकरी देते, कंडेन्स्ड मिल्क घालून करतात, चांगला होतो.

वसईची_पोर:
चांगला होत नाही. प्लम केक अंड्याशिवाय म्हणजे बसका होतो, दुसऱ्या दिवशी भुगा. सॉरी, पण या बाबतीत मी गप्प बसणार नाही. दर वर्षी आमच्या सणाचा केकसुद्धा आमच्या पद्धतीचा राहू देत नाहीत.

उपवासवाली:
म्हणजे तुमच्या केकच्या बसकेपणासाठी मी उपाशी राहू?

वसईची_पोर:
तुम्ही उपासच करताय ना त्या दिवशी?

उपवासवाली:
उपासाची चेष्टा नको. मी तुमच्या मिस्सेबद्दल एक शब्द तरी वाकडा बोलले का?

वसईची_पोर:
चेष्टा नव्हती ती, खरंच विचारलं, पण लागलं असेल तर शब्द मागे घेते. केकबद्दलचं मत नाही घेणार.

अंधेरी_लंचबॉक्स:
अंड्यावर एवढे तुटून पडलात, कुणी रमचं विचारलं का? प्लम केकचे मनुके, काजू, टूटीफ्रूटी कितीतरी दिवस आधी रममध्ये भिजत घालतात. मी मुसलमान आहे. पहिल्या नोकरीत मला खोक्यावर काही लिहिलेलं नव्हतं म्हणून कळलंच नाही, दोन तुकडे खाल्ल्यावर कुणीतरी हसत सांगितलं. तेव्हापासून ऑफिसचा केक बंद. संत्र्याच्या रसात भिजवलेला पण करतात बेकरीवाले, आधी सांगावं लागतं. नुसती चिठ्ठी लावा हो, अंडं आहे, रम आहे, काही नाही. तीन चिठ्ठ्या.

केकवाला_कॅम्प:
रमवाल्याला चव वेगळी असते पण हे म्हणणं बरोबर आहे, चिठ्ठी पाहिजेच.

साधा_विचार:
बघा, एका केकवरून इतकं. म्हणून म्हणतो बंद करा.

नगरकर:
गणपतीच्या वर्गणीवरून याच्या दुप्पट भांडण होतं, गणपती बंद केला का कुणी?

अकाउंट्स_टेबल:
मी पार्टीची बिलं पास करते म्हणून दोन गोष्टी. केटरिंगच्या बिलावरचा जीएसटी कंपनीला परत मिळत नाही, कलम १७(५) मध्ये खाणंपिणं अडवलेलं आहे, म्हणून दरवर्षी वरून दबाव येतो की कर्मचाऱ्यांकडूनच काढा. त्यामुळे ५०० रुपये आपलेपणासाठी वगैरे काही नसतात, बजेटचं भोक बुजवायला असतात. दुसरं, साधा_विचार, वर्षाला ठरावीक रकमेच्या आतली भेटवस्तू किंवा व्हाउचर करात धरत नाहीत, पण रोख दिली की पगारातच धरतात. पार्टीऐवजी पैसे मागाल तर व्हाउचर मागा.

आणि दारू ठेवणार असाल तर राज्य उत्पादन शुल्काचा एक दिवसाचा परवाना लागतो. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि व्हिस्की-रमला २५ वर्षं पूर्ण लागतात. तुमचे फ्रेशर २२ चे असतात. ग्लास हातात देणाऱ्या मॅनेजरने याचा विचार करावा.

मॅनेजर_बोलतोय:
एवढं कायद्यावर बोट ठेवून कोण जगतं हो.

हिंजवडी_फेज_३:
ज्याच्यावर शेकतं तो. ऑफिसच्या पार्टीत काही वेडंवाकडं झालं तर २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्यात ती जागा ऑफिसच धरली जाते, कंपनीने दिलेली गाडीसुद्धा. २०१७ च्या दुकाने आस्थापना कायद्यात बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर थांबवायचं तर तिची संमती आणि घरी सोडायची सोय लागते. पार्टी काम नाही म्हणाल, मग न येणाऱ्यांची यादी कसली? दोन्हीकडून बोलू नका.

स्लाउचा_सचिन:
इकडे यूकेत स्टाफ पार्टीला दर माणशी १५० पौंडांपर्यंत कर लागत नाही, पण अट अशी की पार्टी दरवर्षीची हवी आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना खुली हवी. १५० च्या वर एक पौंड गेला तरी सगळी रक्कम करात येते, म्हणून एचआर पेनीचा हिशोब ठेवतो. वर्गणी मी तरी कधी दिलेली नाही. आमची डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होते, दुपारचं जेवण, चारला सगळे घरी.

मॅनेजर_बोलतोय:
तिकडचं इकडे नका लावू. तिकडे माणसांना घरी जायला अर्धा तास लागतो. बरं, एवढं मान्य करतो: २४ नको, १८ नको, ५०० रुपये नकोत. २३ ला मंगळवार आहे, दुपारी साडेबारा ते चार, कँटीनमध्येच. कॉल हलवायला मी स्वतः क्लायंटला लिहीन. पण कमिटी कुणीतरी हवीच, आणि दर वेळी मलाच शिव्या का?

हिंजवडी_फेज_३:
कमिटीत एक लीड आणि एक मॅनेजर बसवा, कामाचे तास टाइमशीटवर लिहू द्या. एवढं केलंत की शिव्या बंद.

उपवासवाली:
२३ ला मार्गशीर्ष संपलेला आहे, मी येईन. केक एगलेसच.

वसईची_पोर:
दोन्ही ठेवा. मी अंधेरीहून घरचे कलकल पाठवते, त्यात अंडं असतं, आधीच सांगतेय.

सपोर्ट_रात्रपाळी:
सगळं वाचलं वरपासून. आमचा क्लायंट अमेरिकेतला रिटेलवाला आहे, डिसेंबर म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा सीझन, तुमच्याकडे कोड फ्रीझ, म्हणजे नवे बदल बंद, म्हणून निवांत असतं तेव्हा आमच्याकडे तक्रारींच्या तिकिटांचा पाऊस. २३ ला दुपारी साडेबाराला आम्ही झोपलेलो असतो. २४ आणि २५ ला रात्री फ्लोअरवर आम्हीच. मागच्या वर्षी पार्टीचं उरलेलं नूडल्स फॉइलमध्ये गुंडाळून आमच्या डेस्कवर ठेवलं होतं, गार, चमचासुद्धा नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकला तर दोन अंगठे आले. मॅनेजर साहेब, आमच्या मोकळं होण्याचं काय?

मॅनेजर_बोलतोय:
रात्रपाळीला वेगळं जेवण बजेटमध्ये धरलेलं नसतं.

अकाउंट्स_टेबल:
लोणावळ्याचं रिसॉर्ट धरलेलं असतं ना? ते रद्द झालं आता. माणशी तेवढेच पैसे रात्रीच्या शिफ्टला लावा, बिल माझ्याकडे पाठवा, मी अडवणार नाही.

हिंजवडी_फेज_३:
आणि गरम. रात्री दहाला येईल असं सांगून ठेवा केटररला, दुपारचं उरलेलं नाही. सपोर्ट, किती जण आहात, व्हेज नॉनव्हेज किती, इथेच लिहा.

सपोर्ट_रात्रपाळी:
चौदा. पाच व्हेज. चमचे द्या.