कर्जसंकटात इक्विटी फंड: थांबू की बाहेर पडू?

धागाकर्ती:
मंडळी, सल्ला हवाय. माझा एक इंडेक्स फंड (निर्देशांकातले सगळे शेअर घेणारा) आहे आणि दुसरा फक्त बँका-वित्त कंपन्यांचा. बँका एकमेकींनाही उसने द्यायला कचरतायत अशा बातम्या येऊ लागल्यापासून दोन्ही घसरलेत, दुसरा तर निम्म्यावर आलाय. काही रक्कम दोन वर्षांनी मुलीच्या फीसाठी लागेल, बाकीची निवृत्तीसाठी. अर्थव्यवस्था सावरेपर्यंत सगळंच काढून ठेवू का? एसआयपीचं काय करू? झोप उडालीय.

प्रतिसाद १:
सगळ्या पैशाला एक उत्तर नाही. फीची रक्कम तोटा सोसूनही काढा. ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ मध्ये अमेरिकेचा शेअर निर्देशांक एस अँड पी ५०० सुमारे ५७ टक्के पडला आणि जुना उच्चांक गाठायला २०१३ उजाडलं. लाभांश धरले तर थोडं आधी, पण फी तेवढी थांबत नाही.

निवृत्तीचा इंडेक्स फंड मात्र हलवू नका. सगळं सावरल्यावर परत शिरू म्हणणाऱ्यांची गाडी चुकते, कारण बाजार आधी वळतो. तेव्हा तळ मार्च २००९ मध्ये लागला. मंदी संपली जूनमध्ये, आणि बेकारी १० टक्क्यांवर पोचली ऑक्टोबरमध्ये. म्हणजे नोकऱ्या जातच होत्या, तरी बाजार सात महिने चढत होता.

प्रतिसाद २:
सहमत. पण बँकांच्या फंडाला हा न्याय लावू नका, फीचे पैसे आधी त्यातूनच काढा. बँक चालतेच उसन्या पैशावर, त्यामुळे दिलेली कर्जं थोडी बुडाली तरी तिचं स्वतःचं तुटपुंजं भांडवल धुऊन जातं. २००८ मध्ये बुडालेल्या लेमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेच्या भागधारकांच्या हाती काहीच उरलं नाही. सिटीग्रुप ही अमेरिकी बँक तगली, पण भांडवलासाठी इतके नवे शेअर काढावे लागले की जुन्यांचा हिस्सा पातळ झाला. २००७ चा भाव त्यांना पुन्हा दिसलाच नाही.

आणि काढलेले पैसे जास्त परताव्याच्या लोभाने कुठल्याही रोखे फंडात टाकू नका. सप्टेंबर २००८ मध्ये रिझर्व्ह प्रायमरी हा अमेरिकी मनी मार्केट फंड (अल्पमुदतीच्या रोख्यांचा, सुरक्षित समजला जाणारा) लेमनच्या रोख्यांमुळे १ डॉलरवरून ९७ सेंटवर आला, आणि लोकांचे पैसे अडकले. फीसाठी विमा असलेली बँक ठेव किंवा अल्पमुदतीचे सरकारी रोखेच घ्या.

धागाकर्ती:
मनापासून आभार. बँकांचा फंड उद्याच विकते. एसआयपी?

प्रतिसाद १:
पगार पक्का असेल तर चालू ठेवा, आत्ता युनिट स्वस्त मिळतायत. पण तुमची नोकरी बांधकाम किंवा वाहनांसारख्या कर्जावर चालणाऱ्या धंद्यात असेल, तर आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा, मगच पुढचा हप्ता.