कोकणच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताची बिअर रीतसर मिळावी का?

पुळणवाटा (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगतो: मिळावी. निवडक किनाऱ्यांवर, गावातल्याच माणसाच्या शॅकमध्ये, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या खानावळीत, मोजक्या तासांसाठी.

राज्य सरकारने २०२० मध्ये किनारी शॅकचं धोरण मंजूर केलं. गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर, तारकर्ली, वर्सोली, दिवेआगर, केळवा आणि बोर्डी हे ८ किनारे ठरले, ८० टक्के रोजगार स्थानिकांना द्यायचा असंही ठरलं. तेव्हापासून वाद फिरून फिरून एकाच जागी येतो. शॅक हवी, पण ग्लासात काय असावं?

दक्षिण गोव्यात आगोंदला मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी जाऊन बसा. काजूचा हंगाम असतो, उर्राक नुकतं निघालेलं असतं. बोंडांचा रस आंबवून काढलेली ही पहिली धार, फेणीपेक्षा बरीच सौम्य आणि उन्हाळ्याचे दोन-तीन महिनेच मिळणारी. लिमका, मीठ, लिंबू आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. शॅकवाला पोरगा टेबल ओढत ओल्या वाळूपर्यंत आणतो. खुर्चीचे पाय आत रुततात, म्हणून आधी नीट बसून घ्यायचं आणि मग ग्लास उचलायचा. त्या एका ग्लासावर सूर्य बुडेपर्यंत आरामात बसता येतं. शेजारच्या टेबलावर एखादं कुटुंब बांगडा रवा फ्राय खात असतं, त्यांना तुमचा त्रास नाही आणि तुम्हाला त्यांचा नाही.

आता तेरेखोलची खाडी ओलांडून अलीकडे या. तेच काजू, तीच माती, पण आपल्याकडे बहुतेक बोंडू झाडाखाली कुजून जातात. आणि पिणारे काय करतात? गाडीच्या डिकीत बाटली, सुरूच्या बनात काळोख, प्लॅस्टिकचे ग्लास तिथेच टाकून परत. पिणं थांबलेलंच नाही. ते फक्त अंधारात गेलं, आणि अंधारात कोणी जबाबदार नसतो.

रापणीवरचा

मी मालवण तालुक्यातला. आमच्या घरात अजून रापण आहे. होडी जाळं टाकत अर्धगोल फिरून येते, मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. ओढणारे सगळे अनवाणी. टाच वाळूत रोवायची, अंगाचा भार मागे टाकायचा, एकेक पाऊल मागे सरकायचं. मागे बघायला वेळ नसतो. अशा वेळी वाळूतली फुटकी बाटली पायात शिरली की तो माणूस पंधरा दिवस घरी, आणि रोजंदारी बुडते ती वेगळीच. आमच्या घरात हे झालेलं आहे.

तुम्ही म्हणाल, बाटल्या टाकणारे ते डिकीवाले, शॅकवाला टाकणार नाही. पण शॅकमध्ये दोन बिअर झाल्यावर तिसरी बाहेरच्या दुकानातून स्वस्तात आणून पाण्याच्या कडेला प्यायची, हे मी गोव्यात डोळ्यांनी पाहिलंय. गोवा सरकारला २०१९ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला, पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणाऱ्याला २,००० रुपये दंड आणि टोळकं असेल तर १०,०००. शॅकमुळे सगळं शिस्तीत चाललं असतं तर हा दंड कशाला लागला असता?

दर्यो आमचो आसा. तुमच्यासाठी ती संध्याकाळ, आमच्यासाठी ती कामाची जागा.

वेंगुर्लेकरीण

रापणीवरचा, काचेबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पण एक बाजू इथे कोणी मांडत नाही म्हणून लिहिते.

मी वेंगुर्ल्याची, नोकरीसाठी पुण्यात असते. मला सूर्यास्ताला समुद्रासमोर एक बिअर प्यायला आवडते. ही इच्छा माझ्या गावात मी कुठे पूर्ण करू? बार आहेत, पण ते खिडकी नसलेले, पडदा लावलेले, आत फक्त पुरुष. सुरूच्या बनात बाईने बसायचा प्रश्नच येत नाही. म्हणून मैत्रिणींसोबत सरळ गोव्यातलं पाळोळे गाठते. तिथे वेटर ऑर्डर घेतो, बिअर आणून देतो आणि निघून जातो. कोणी वळून बघत नाही. माझ्या घरासमोरच्या समुद्राऐवजी दुसऱ्या राज्याच्या समुद्रासमोर मला मोकळं वाटतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उजेडातली, चारचौघांतली, कुटुंबं बसतात अशी जागा बाईसाठी सगळ्यात सुरक्षित असते. बंदी घातली की पुरुषांची सोय होतेच, आमची जाते.

मांद्रेकर

मी गोव्यातला, पेडणे तालुक्यातला. धागाकर्त्याने गोव्याची गोड बाजू सांगितली. ती खोटी नाही. पण पुढचंही ऐका.

शॅकचे परवाने सोडतीने गोवेकरांनाच मिळतात. नंतर किती शॅक पोटभाड्याने बाहेरच्यांकडे जातात यावरून दर हंगामात भांडण असतं. चालवणारा बाहेरचा झाला की पहिलं बदलतं ते ताट आणि दुसरं संगीत. २०२३ च्या शॅक धोरणात गोव्याचं जेवण ठेवणं सरकारला सक्तीचं करावं लागलं, यात सगळं आलं. गोव्यात शॅकवाल्याला शीत-कडी, म्हणजे माशाची आमटी-भात, ठेवायची सक्ती!

आणि कासवं. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, हिवाळ्यात, म्हणजे नेमक्या पर्यटनाच्या हंगामात. पिल्लू वाळूतून वर आलं की ज्या बाजूला क्षितिज जास्त उजळ, तिकडे धावतं. निसर्गात ती बाजू समुद्राची असते. शॅकचे दिवे लागले की ते उलट दिशेला, माणसांच्या पायांत येतं. तुमच्या रत्नागिरीत वेळासला लोकांनी २००२ पासून राखण करून कासवं वाचवली. तिथे एक दिव्यांची माळ लागली तरी त्या कष्टांचं काय होईल?

मी शॅकविरोधी नाही. पावसाआधी शॅक पूर्ण मोडून वाळू मोकळी करायची, हा आमचा नियम मला फार आवडतो. पण घ्यायचंच असेल तर आमच्या चुकांसकट घ्या.

आमसुलं

सूर्यास्ताला दारूची गरजच काय? कोकम सोडा घ्या, शहाळं घ्या, जिरं घातलेली थंड सोलकढी पेलाभर घ्या. त्या पाच-दहा मिनिटांत आकाश जे रंग बदलतं ते शुद्धीत बघण्यासारखं आहे. शिवाय रात्री अंधारात वळणावळणाच्या घाटाने गाडी कोण चालवणार?

पुळणवाटा (धागाकर्ता)

आमसुलं, कोकम सोडा मलाही प्रिय आहे आणि शॅकमध्ये तो हवाच. पण 'गरज काय' हा निकष लावला तर चहासुद्धा बंद करावा लागेल. एक बिअर घेऊन शांत बसलेला माणूस शुद्धीतच असतो. गाडीचा मुद्दा मात्र गंभीर आहे. म्हणूनच शॅक अशा किनाऱ्यावर हवी, जिथे चालत जाता येईल इतक्या जवळ घरगुती निवास आहेत. तारकर्लीत आहेत.

मांद्रेकर आणि रापणीवरचा यांचं वाचून माझ्या मागणीला अटी जोडतो. काच वाळूवर येणारच नाही, बिअर नळाची किंवा कॅनमधली आणि ग्लास स्टीलचा. सूर्यास्तानंतर तासाभरात विक्री बंद. स्पीकर नाही. कासवांच्या किनाऱ्यावर शॅकच नाही. पोटभाडं सापडलं की परवाना कायमचा रद्द. पेल्यामागे ठरावीक रक्कम जीवरक्षकासाठी. गोव्यात २००८ पासून 'दृष्टी' या कंपनीचे जीवरक्षक आहेत, आपल्याकडे कितीतरी किनाऱ्यांवर साधी शिट्टी वाजवायला माणूस नाही, आणि पिऊन पाण्यात उतरणं हा सगळ्यात मोठा धोका आहे.

रापणीवरचा

अटी चांगल्या आहेत. अंमलबजावणी कोण करणार? पाच रुपयांचा एक दिवसाचा मद्यसेवन परवाना आपल्याकडे कायद्याने लागतो. तो इथल्या किती जणांनी कधी काढलाय, प्रत्येकाने स्वतःशी उत्तर द्यावं.

माझी एकच अट. दारूचं दुकान बंद करायचं तर गावातल्या महिला मतदानाची मागणी करू शकतात, उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद). ते मतदान दुकान उघडल्यावर होतं. शॅकच्या बाबतीत ते आधी घ्या. ज्यांचे नवरे, मुलगे किनाऱ्यावर राबतात त्यांनी आडवी केली, तर तुमचं धोरण तिथेच थांबलं पाहिजे.

वेंगुर्लेकरीण

मला मान्य आहे. मत गावातल्या बायकांनीच द्यावं, वाईटपणा मात्र एकट्या पिणाऱ्या बाईच्या माथी येऊ नये. माझं नाव अजून वेंगुर्ल्याच्याच मतदारयादीत आहे. मी उभीला मत देईन, स्टीलच्या ग्लासाच्या अटीसकट.

मांद्रेकर

मतदान झालं तर ते पर्यटकांच्या गर्दीत, डिसेंबरात घेऊ नका. मे महिन्यात घ्या. हंगाम संपत आल्यावर वाळूत काय काय उरलंय ते तेव्हा सगळ्यांना दिसतं.