मार्गारेटआजींचं नाव: मेग, ग्रेटा, रीटा की मुक्ता? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

सई: सगळ्यांना एक विचारायचं होतं. मुलगी झाली तर मार्कला तिला त्याच्या आजीचं नाव द्यायचंय. मार्गारेट. मलाही मनापासून आवडेल, आजींचा माझ्यावर फार जीव आहे. पण अख्खं 'मार्गारेट' आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी बसेल का? म्हणून इतर भाषांतली रूपं शोधतेय. तुम्हाला हाक मारायला कुठलं सोपं जाईल?

मोठे काका: मार्गारेटच ठेवा. त्यात अवघड काय आहे? १९७९ ते १९९० थॅचरबाईंचं नाव आम्ही रोज बातम्यांत ऐकत होतो.

निनाद: काका, बातम्यांत ऐकणं वेगळं आणि बाळाला हाक मारणं वेगळं. सईताई, मार्गो ठेव. फ्रेंच आहे. शेवटचा टी लिहायचा, पण म्हणायचा नाही.

सई: तिथंच अडतं रे. दर वर्षी नवीन शिक्षक आले की आधी 'मार्गोट' म्हणणार आणि हिला दुरुस्त करत बसावं लागणार.

वसुधाआत्या: सई, ही रूपं कशी झाली ते आधी बघ, निवड सोपी होईल. मूळ ग्रीक शब्द 'मार्गारितेस', म्हणजे मोती. ग्रीकांनीही तो इराणी भाषांकडून घेतला असं मानतात. फारसीत मोत्याला आजही 'मरवारीद' म्हणतात आणि इराणमध्ये मुलींचं तसं नावही असतं. लॅटिनमधून हा शब्द नाव म्हणून युरोपभर पसरला. नाव लांबलचक, त्यामुळे ज्याला जो तुकडा सोयीचा वाटला तो त्याने हाकेसाठी ठेवला. इंग्रजांनी पुढचा ठेवला: मेग, मॅगी, मॅज. वेल्समध्ये मेगचं मेगन झालं. जर्मन आणि स्वीडिश लोकांनी मागचा ठेवला: ग्रेटे, ग्रेटा. इटालियन मार्गेरिता आणि स्पॅनिश मार्गारिता यांचं शेपूट म्हणजे रीटा. रीटा हेवर्थ नावाची नटी होती ना, तिचं जन्मनाव मार्गारिता. डेन्मार्कमध्ये मार्ग्रेथेपासून मेरेते आणि मेट्टे झालं. मेट्टेमध्ये मोती शोधून सापडत नाही, पण नाव तेच. हंगेरीत मार्गित, चेकमध्ये मार्केता, पोर्तुगालमध्ये मार्गारिदा. पोलंडमध्ये मावगोझाता, आणि घरात गोशा.

मोठी काकू: रीटा किती सोपं आहे! सगळ्यांना येईल.

आजी: नको गं. आमच्या पिढीच्या तोंडी ट चा त व्हायला वेळ लागत नाही. रिता म्हणजे रिकामा. भरल्या घरात लेकराला रिती म्हणून हाक मारायची नाही.

मोठी काकू: हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आई म्हणतात ते बरोबर. मग नकोच.

मोठे काका: आणि गोशासुद्धा नको. आपल्याकडे गोषा म्हणजे पडदा.

निनाद: आत्या, मार्गारेटचं पेगी कसं होतं? प सुरू कुठून होतो?

वसुधाआत्या: यमकातून. मेगशी यमक जुळवून पेग, आणि पेगची पेगी. इंग्रजीत ही जुनी खोड आहे. मॉलीची पॉली, विलचा बिल, रॉबचा बॉब, रिकचा डिक, सगळे याच वाटेने आले. आयरिश भाषेत तर 'पेग' हेच स्वतंत्र नाव झालं. मला ही गोष्ट फार आवडते. लाडाने कोणीतरी यमक जुळवलं आणि त्याचं पुढे पिढ्यानपिढ्या चालणारं नाव झालं.

सई: अगं आत्या, मार्गारेटआजींची बहीण त्यांना पेगीच म्हणते! मला वाटायचं ते वेगळंच काहीतरी नाव आहे. आत्ता उलगडा झाला.

मोठे काका: माझा मुद्दा ऐका. अर्थ मोती आहे ना? मग मुक्ता ठेवा. मुक्ता म्हणजे मोती. आपलं सुंदर नाव, म्हणायला सोपं, अर्थही तोच. प्रश्न मिटला.

निनाद: +१. मुक्ता मस्त आहे.

वसुधाआत्या: दादा, मुक्ता मलाही प्रिय आहे. पण आजींचं नाव द्यायचं असेल तर ते आजींच्या कानाला ओळखीचं वाटलं पाहिजे. खोलीत कोणी 'मेग' म्हणून हाक मारली तर त्या आपणहून वळून बघतील. 'मुक्ता' म्हटल्यावर त्यांना दर वेळी अर्थ समजावून सांगावा लागेल. फिनिश भाषेतही मोत्याला 'हेल्मी' म्हणतात आणि मुलींची नावं हेल्मी असतात, पण म्हणून हेल्मी ही मार्गारेट होत नाही. वेल्शमधलं 'मेरेरिद' होतं, कारण त्याचा अर्थ मोती आहेच, शिवाय ते त्याच शब्दापासून आलंय. अर्थाचं नातं असतं, नाकारत नाही. पण या नावाची माणसं एकमेकांना ओळखतात ती आवाजावरून.

मोठे काका: मग डेझीचं काय? ती मार्गारेटचीच ना? आवाज कुठे जुळतो?

वसुधाआत्या: चांगलं काढलंस. फ्रेंचमध्ये मार्गरीत हे मुलीचं नाव आणि डेझीसारख्या एका फुलाचंही. त्या फुलावरून इंग्रजीत मार्गारेटला लाडाने डेझी म्हणायला लागले. डेन्मार्कच्या राणी दुसऱ्या मार्ग्रेथे, १९७२ पासून गादीवर होत्या आणि १४ जानेवारी २०२४ ला पायउतार झाल्या, त्या घरच्यांत डेझी. त्यांची आजी मार्गारेट, तीही डेझीच. पण बघ, दोघींचं खरं नाव कोणी बदललं नाही. डेझी त्या नावाच्या सोबत होती, त्याच्या जागी नव्हती.

सई: सोबत. हे पटलं मला.

आजी: हे नाव इतकं पसरलं कशामुळे? कुणी देवमाणूस होती का?

वसुधाआत्या: हो आई. अँटिऑकची संत मार्गारेट. कथा अशी की तिला अजगरासारख्या राक्षसाने गिळलं आणि ती त्याच्या पोटातून सुखरूप बाहेर आली. म्हणून मध्ययुगात गरोदर बायका सुखरूप सुटकेसाठी तिची प्रार्थना करायच्या. जोन ऑफ आर्क ज्या संतांचे आवाज ऐकू येतात म्हणायची त्यांतही ती होती. दुसरी स्कॉटलंडची राणी मार्गारेट. जन्म हंगेरीतला, लग्न स्कॉटलंडच्या राजाशी, मृत्यू १०९३ मध्ये, आणि १२५० मध्ये तिला संतपद मिळालं. मार्कचं घराणं तिकडचंच, म्हणून त्यांच्यात इतक्या मार्गारेट.

आजी: सुखरूप सुटकेची देवी आहे तर मार्गारेट नाव राहू दे बाई. माझी काही हरकत नाही.

निनाद: एडिंबरोच्या किल्ल्यात त्या राणीच्या नावाचं छोटं चॅपल आहे, तिच्या मुलाने बांधलेलं. आणि तिथल्या जुन्या अवाढव्य तोफेचं नाव मॉन्स मेग. सईताई, तुझ्या मुलीला तोफ म्हणून चिडवायचा हक्क माझा.

सई: तू आधी नीट मामा हो. बरं, मार्कशी बोलले. कागदावर मार्गारेट राहील, मधलं नाव मुक्ता. त्याला काकांची सूचना खूप आवडली, मोती दोनदा येतो म्हणाला. हाकेसाठी मेग किंवा मेगन. आजी, तुला कुठलं येतं?

आजी: मेग म्हटलं की संपून जातं, हाक लांबवता येत नाही. मेगन बरं. दुसऱ्या खोलीत असली तरी ऐकू जाईल.

मोठे काका: मी मुक्ताच म्हणणार, आधीच सांगून ठेवतो.

सई: खुशाल म्हणा काका, तिचंच नाव आहे ते.

वसुधाआत्या: सई, एक काम कर. फॉर्म भरण्याआधी मार्गारेटआजींकडून त्यांच्या नावाचं स्पेलिंग लिहून घे. मधला ए असलेलं आणि नसलेलं, दोन्ही चालतात. त्यांचं जसं असेल अगदी तसंच घाल. आणि मेगन एच लावून लिहायचं की न लावता, तेही दोघांनी आत्ताच ठरवा. वेल्श रूपात एच नसतो.