सल्ला हवा: आकाशदर्शनाच्या गटासाठी पुस्तकांची सामायिक यादी कशी लावावी?

सिंहगडरोडकर:
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या हौशी आकाशनिरीक्षकांचा आमचा एक ऑनलाइन गट आहे. हिवाळ्यात पानशेत-वेल्ह्याकडे रात्री काढतो, जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगांमुळे सगळं बंद. म्हणजे वाचायचा हंगाम तोच. 'सुरुवातीला कुठलं पुस्तक घेऊ?' हा प्रश्नही दरवर्षी याच दिवसांत येतो. चार जण चार नावं सांगतात आणि दुसऱ्या दिवशी ती नावं चंद्राच्या फोटोंखाली गाडली जातात.

म्हणून गूगल शीट सुरू केली, सगळ्यांना लिहायची मुभा दिली. आता ओळी भरपूर झाल्यात, पण नवख्या माणसाला त्यातून पुस्तक निवडता येत नाही. एकच पुस्तक तीन ठिकाणी आहे. शेऱ्याच्या रकान्यात 'अप्रतिम', 'संग्रही असावं असं', 'जरूर वाचा'. कोणी वाचावं, हे कुठेच नाही. मुलांची, मोठ्यांची, दुर्बिणीची, विश्वोत्पत्तीची, सगळी एका रांगेत उभी आहेत.

रकाने कोणते ठेवावेत? भर कोणी घालायची, दुरुस्ती कोणी करायची? पीडीएफच्या लिंकांचं काय करायचं? ट्रेकिंग, बागकाम, कुठल्याही छंदाच्या गटात अशी यादी ज्यांनी चालवली आहे त्यांनी कृपया सांगा. पावसाळ्याआधी हे मार्गी लावायचं आहे.

गच्चीवरची_बाग:
आमच्या बागकामाच्या गटात शीट सगळ्यांना फक्त वाचायला खुली आहे. भर घालायची ती गूगल फॉर्ममधून. फॉर्म भरला की ओळ वेगळ्या पानावर येते, आम्ही दोघी-तिघी ती बघून मुख्य यादीत घेतो. शीट उघडी होती तेव्हा कोणीतरी एकच रकाना अकारविल्हे लावला आणि पुस्तकं एकाची, लेखक दुसऱ्याचा असं होऊन बसलं. शीटच्या जुन्या रूपांची नोंद, म्हणजे व्हर्जन हिस्टरी, तिच्यातून जुनी प्रत परत आणता आली म्हणून निभावलं. फॉर्म मात्र आटोपशीर ठेवा. प्रश्न वाढले की लोक अर्ध्यात सोडून जातात.

ग्रंथपाल_निवृत्त:
रकान्यांच्या आधी वाचक ठरवा. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यातली दोन तुमच्या कामाची आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि वाचकाचा वेळ वाचवा. तुमची सध्याची शीट पुस्तकांची मोजदाद करते. वाचकाचं काम ती करत नाही.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा रकाना एकच, 'हे पुस्तक कोणाच्या हातात द्याल?' उत्तर एका वाक्यात हवं आणि त्या वाक्यात माणूस दिसला पाहिजे. 'नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रं ओळखायला लागलेल्याला.' 'ज्याच्याकडे १०×५० चा बायनॉक्युलर आहे आणि तारकागुच्छ शोधायचे आहेत त्याला.' 'सहावीतल्या मुलीला, तिचं तिला वाचता येईल.' 'बारावीचं भौतिकशास्त्र नीट झालेल्याला.' त्याच्या शेजारी दुसरा रकाना, 'कोणाला देणार नाही?' हा लोक टाळतात, पण नवख्याचे पैसे वाचतात ते यानेच. चांगलं पुस्तक चुकीच्या माणसाला चुकीच्या वेळी दिलं तर ते कपाटात जातं आणि बरेचदा छंदही त्याच्याबरोबर जातो.

शिफारस करणाऱ्याचं टोपणनाव ओळीत असलंच पाहिजे, म्हणजे पुढचा माणूस त्याला दोन प्रश्न विचारू शकतो. आणि पुस्तक त्याने स्वतः वाचलेलं हवं. नुसती ऐकलेली नावं वेगळ्या पानावर ठेवा. फेकू नका, त्यातूनच कोणीतरी वाचून ओळ पुढे आणतं.

आता लिहिण्याबद्दल. नारळीकर जयंत, डॉ. जयंत नारळीकर, ज. वि. नारळीकर, जयंत विष्णु नारळीकर: शीटच्या दृष्टीने हे चार वेगळे लेखक आहेत. आडनाव आधी, उपाधी नाही, असा एकच नियम करा आणि लेखकांची नावं ड्रॉपडाउनमध्ये टाका. आकडे एक तर सगळे मराठी किंवा सगळे इंग्रजी, मिसळले की सालाप्रमाणे क्रम लागत नाही. 'ॲस्ट्रॉनॉमी'तला ॲ दोन तऱ्हांनी टंकला जातो, एक स्वतंत्र अक्षर म्हणून आणि एक अ वर चंद्र देऊन. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधयंत्राला दिसतो. यादीत असूनही पुस्तक सापडत नाही, त्यामागे बहुतेकदा असलंच काहीतरी असतं.

आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळख क्रमांकाचा, रकाना ठेवा, पण सक्ती करू नका. २००७ पासून तो तेरा अंकी आहे, त्याआधी दहा अंकी होता, आणि जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. प्रकाशक आणि आवृत्तीचं साल मात्र सक्तीचं.

पीडीएफबद्दल स्पष्ट बोलते. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित १८९८ साली गेले, त्यांच्या ग्रंथाच्या मूळ आवृत्तीची स्कॅन प्रत निःसंकोच द्या. नारळीकर सर २०२५ मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांच्या चोरट्या प्रती यादीत नकोत. त्यापेक्षा 'पुण्यात कुठे?' असा रकाना करा: अप्पा बळवंत चौकात नवी मिळते, नगर वाचन मंदिरात आहे, अमुक सभासदाकडून उसनी मिळेल. शेजारी तपासल्याचा महिना टाका.

कृत्तिका:
ग्रंथपाल काकूंशी पूर्ण सहमत. आकाशदर्शनाच्या पुस्तकांना आणखी दोन-तीन गोष्टी लागतात, त्या बाकीच्या छंदांना लागत नाहीत.

पहिली अक्षांशाची. इंग्रजीतली बरीच मार्गदर्शक पुस्तकं चाळीस-पन्नास अंश उत्तरेला राहणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. त्यांचा ध्रुव क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मधोमध, आपला क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश. त्यांच्या नकाशात अगस्त्य तारा नसतोच, आपल्याला तो फेब्रुवारीत संध्याकाळी व्याधाच्या खाली दक्षिणेला ठळक दिसतो. मे महिन्यात दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल तर त्रिशंकू हा तारकासमूहही दिसतो. वृश्चिक त्यांना क्षितिजाशी चिकटलेला, आपल्याला चांगला वर. नवखा माणूस असा नकाशा घेऊन गच्चीवर जातो, काहीच जुळत नाही, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. म्हणून 'नकाशे कुठल्या अक्षांशासाठी?' हा रकाना ठेवाच. बहुतेक पुस्तकांत हे सुरुवातीच्या पानांत छापलेलं असतं.

दुसरी कालबाह्यतेची, आणि इथे सरसकट 'जुनं ते टाकाऊ' करू नका. २००६ च्या आधीच्या पुस्तकात प्लूटो नववा ग्रह असणार. शनीच्या चंद्रांची संख्या २०२५ मध्ये २७४ झाली, म्हणजे कालपरवाचं पुस्तकही मागे पडलं. पण तुम्ही लहान दुर्बिणीतून टायटन, म्हणजे शनीचा सगळ्यात मोठा चंद्र, बघणार, आकड्याने काय बिघडतं? नक्षत्रांचे नकाशे तर फार सावकाश जुने होतात. १९५० आणि २००० सालांसाठी दिलेल्या ताऱ्यांच्या स्थानांमध्ये संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष सावकाश फिरत असल्यामुळे, सुमारे पाऊण अंशाचा फरक पडतो. पूर्ण चंद्राच्या व्यासाहून तो जास्त आहे, पण डोळ्यांनी नक्षत्रं ओळखणाऱ्याला जाणवणारही नाही. लगेच शिळी होतात ती ग्रहस्थितीची कोष्टकं. तेव्हा 'काय जुनं झालंय' हे नेमकं लिहा.

एका बाबतीत मात्र लाल अक्षरांत इशारा हवा. काही जुन्या पुस्तकांत सूर्यग्रहण काजळी धरलेल्या काचेतून किंवा एक्स-रे फिल्ममधून बघायला सांगितलेलं असतं. डोळा कायमचा जाऊ शकतो. २ ऑगस्ट २०२७ ला पुण्यातून खंडग्रास ग्रहण आहे, तोपर्यंत ही यादी मुलांच्या हातात असेल. आयएसओ १२३१२-२ प्रमाणित चष्म्याशिवाय सूर्याकडे बघायचं नाही, आणि दुर्बीण किंवा बायनॉक्युलरला तो चष्माही चालत नाही, पुढच्या भिंगावर सौर फिल्टरच लागतो. हे त्या पुस्तकाच्या ओळीतच यायला हवं, वेगळ्या सूचनेत नाही.

आणि शेवटचं, 'बाहेर नेण्याजोगं आहे का?' जानेवारीत पानशेतला दोन तासांत पानं दवाने ओली होतात. गुळगुळीत कागद एकमेकांना चिकटतो. अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून आपण टॉर्चला लाल जिलेटिन लावतो, आणि ज्या नकाशात तेजोमेघ लाल शाईने छापलेत त्यात त्या उजेडात ते दिसतच नाहीत! हे पुस्तक घरात चाळून कधी कळत नाही, रात्री वापरलेल्यानेच सांगावं लागतं. अशा माहितीसाठीच तर यादी करायची.

खडकवासला_रात्र:
छान चर्चा. पाचपैकी तारे देण्याची सोय करा ना, आणि वर 'गटाची पहिली दहा'. लोकांना एवढं सगळं वाचायला वेळ नसतो.

ग्रंथपाल_निवृत्त:
वेळ नसतो हे खरं, पण ताऱ्यांनी तो वाचत नाही. विश्वोत्पत्तीवरच्या उत्तम पुस्तकाला पाच तारे पडतील, मुलांच्या नक्षत्रपुस्तकालाही पाच. निवडायचं कसं? आणि पहिल्या दहांत नेहमी आधीच सगळ्यांना माहीत असलेलीच येतात. त्याऐवजी वाचकाप्रमाणे तीन-चार फिल्टर व्ह्यू, म्हणजे ठरावीक ओळीच दाखवणारी शीटची रूपं, करून ठेवा आणि प्रत्येकाची लिंक गटाच्या वर्णनात टाका. नवखा एका टिचकीत त्याच्या पाच-सहा पुस्तकांवर पोचतो.

विमाननगर_आई:
मध्येच विचारते, चालेल ना? मुलगा सातवीत आहे, मराठी माध्यम. टेलिस्कोप घेऊन दे म्हणून मागे लागलाय. त्याच्यासाठी काय घेऊ?

कृत्तिका:
चालेल काय, याच प्रश्नासाठी सगळा खटाटोप आहे ताई. टेलिस्कोप एवढ्यात नको. आधी महिन्यामहिन्याचे नकाशे असलेलं एक पातळ मराठी पुस्तक, नकाशे महाराष्ट्रातून दिसणाऱ्या आकाशाचे आहेत हे बघून घ्या. एक हिवाळा त्याला मृग, रोहिणी, कृत्तिका स्वतः शोधू द्या. मग बायनॉक्युलर. वाचनासाठी नारळीकर सरांचं 'आकाशाशी जडले नाते' घरात असू द्या. ते खगोलशास्त्राची ओळख करून देतं, तारे कुठे आहेत हे शोधायला शिकवणारं पुस्तक नव्हे. तो सलग वाचणार नाही, तरी चित्रांवरून उघडेल आणि पुढची काही वर्षं परत परत उघडेल.

सिंहगडरोडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंना दिलेलं उत्तर बघून रकाने पक्के झाले, कारण कृत्तिकाने त्या उत्तरात जवळजवळ सगळे भरलेत.

तर असं ठरवतोय. शीट फक्त वाचायला, भर फॉर्ममधून. फॉर्ममध्ये पुस्तक-लेखक, प्रकाशक आणि आवृत्तीचं साल, कोणाला द्याल, कोणाला नाही, आणि रात्री वापरलंय का. अक्षांश, काय जुनं झालं, पुण्यात कुठे मिळेल, हे तपासणारे भरतील. तारे नाहीत. दीक्षितांचा १८९६ चा ग्रंथ राहणार, 'भारतीय ज्योतिर्गणिताचा इतिहास अभ्यासायचा आहे त्याला, आकाश ओळखायला नाही' अशा शेऱ्यासह. सध्याच्या सगळ्या ओळी 'ऐकलेली' पानावर हलवतो. ज्याने जे वाचलंय त्याने ते फॉर्म भरून पुढे आणावं.

तपासणीला तीन जण हवेत. मराठी पुस्तकं, बायनॉक्युलर-दुर्बिणीची पुस्तकं, मुलांची पुस्तकं, अशी वाटणी करू.

गच्चीवरची_बाग:
फॉर्म मी करून देते, आमचाच थोडा बदलला की झालं. उद्या संध्याकाळपर्यंत लिंक टाकते.

कृत्तिका:
दुर्बिणीची माझ्याकडे. ग्रहणाच्या इशाऱ्यासाठी 'ऐकलेली' पानही पूर्ण चाळते, तिथेही असली पुस्तकं असणार.

ग्रंथपाल_निवृत्त:
मराठी मी बघते. शनिवारी नगर वाचन मंदिरात जाणार आहे, खगोलाचं कपाट बघून कुठल्या आवृत्त्या तिथे आहेत ते लिहून आणते. मुलांच्या पुस्तकांना शाळेत शिकवणारं कोणी मिळालं तर उत्तम.

विमाननगर_आई:
मी प्राथमिक शाळेत शिकवते. खगोलातलं फार कळत नाही, पण कुठलं पुस्तक मुलं हातातून सोडत नाहीत ते सांगू शकेन. चालणार असेल तर मुलांची मी घेते.

सिंहगडरोडकर:
चालेल, नक्की घ्या. तुमचं नाव टाकलं.