इराकमधले रासायनिक गोळे, वृत्तपत्रांचे मौन आणि निवडणूक: नेमके काय म्हणावे?

बाळीवेसकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात मला युद्ध, वृत्तपत्रे आणि निवडणुका यांच्या संबंधावर बोलायचे आहे. मंडळ लहान आहे. नवी पेठेजवळच्या एका खोलीत वीस-पंचवीस माणसे जमतात, पण ती प्रश्न विचारणारी असल्यामुळे ऐकीव माहितीवर उभे राहणे मला परवडणार नाही. मी उजव्या विचारांचा आहे आणि वृत्तपत्रे व वाहिन्या आमच्या बाजूला न्याय देत नाहीत, असे माझे जुने मत आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सद्दाम हुसेनकडे रासायनिक आणि इतर महासंहारक अस्त्रे आहेत असे सांगून अमेरिकेने २००३ मध्ये इराकवर हल्ला केला होता. माझ्या दिवंगत काकांनी त्या युद्धाच्या कात्रणांची एक दोनशेपानी वही ठेवली होती, ती आता माझ्याकडे आहे. तिच्यात मे २००४ मधले बोटभर लांबीचे एक कात्रण खळीने चिकटवलेले आहे. बगदादमध्ये सारिन हा विषारी वायू असलेला तोफगोळा सापडला आणि दोन अमेरिकी सैनिकांवर उपचार करावे लागले, एवढीच बातमी. शेजारी काकांनी निळ्या शाईने लिहिले आहे, ‘ही बातमी सातव्या पानावर, आणि शस्त्रे नाहीत ही रोज पहिल्या पानावर?’

काकांचा तो प्रश्न आज माझाही आहे. इराकमध्ये रासायनिक अस्त्रे सापडली होती, तर ‘काहीच सापडले नाही’ हे वाक्य आजही इतक्या ठामपणे का लिहिले जाते? २ नोव्हेंबर २००४ च्या अमेरिकी निवडणुकीत तेव्हाचे अध्यक्ष बुश हरावेत म्हणून ही बातमी दाबली गेली, असे मी व्यासपीठावरून म्हणू शकतो का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त तोफची

बाळीवेसकर, मी भारतीय सैन्याच्या तोफखान्यात होतो आणि १५५ मिलिमीटरचा गोळा हाताळलेला माणूस आहे, म्हणून आधी त्या गोळ्याविषयीच सांगतो, कारण या वादात गोळ्याकडे कोणी पाहतच नाही.

१५ मे २००४ रोजी बगदादमध्ये अमेरिकी तुकडीला जो गोळा सापडला, तो रस्त्याकडेला सुरुंगासारखा लावलेला होता आणि तो निकामी करण्याआधीच फुटला. तो द्विघटकी प्रकारचा होता. अशा गोळ्याच्या पोटात दोन रसायने वेगवेगळी ठेवलेली असतात. गोळा तोफेतून सुटला की नळीतल्या आट्यांमुळे स्वतःभोवती प्रचंड वेगाने फिरतो, त्या फिरण्यात दोन्ही रसायने एकत्र होतात आणि लक्ष्यावर पोहोचेपर्यंत सारिन तयार झालेला असतो. जमिनीवर ठेवून उडवला तर मिश्रण नीट होत नाही. त्या दोन सैनिकांवर किरकोळ उपचारांत भागले, ते याच कारणाने. तोच गोळा तोफेतून वस्तीवर पडला असता तर बोटभर कात्रणात मावला नसता. ज्यांनी तो लावला त्यांना आत काय आहे याची कल्पना नसावी, असाच तेव्हाचा तर्क होता आणि मला तो पटतो, कारण साध्या स्फोटकाच्या आणि अशा गोळ्याच्या बाह्यरूपात दर वेळी फरक दिसतोच असे नाही.

म्हणून ‘सापडले का’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आहे, आणि तो एकच गोळा नव्हता. २००४ ते २०११ या काळात अमेरिकी आणि इराकी पथकांसमोर मिळून सुमारे ५,००० रासायनिक गोळे, अग्निबाणांची शिरे आणि विमानातून टाकायचे बॉम्ब आले. मात्र ते जवळपास सगळे १९९१ च्या आधीचे होते. इराण-इराक युद्धात, म्हणजे १९८० ते १९८८ या वर्षांत, सद्दामच्या राजवटीने जे कारखाने चालवले त्यांचा तो उरलेला, गंजलेला माल होता. त्याच मालाने १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा या कुर्दी गावात हजारो माणसे मारली. हे वाक्य आपण व्यासपीठावरून मोठ्याने म्हणावे, कारण ‘काहीच नव्हते’ म्हणणाऱ्यांच्या तोंडी हलब्जाचे नाव फार क्वचित येते.

सुरक्षा परिषदेच्या १९९१ च्या ६८७ क्रमांकाच्या ठरावाने हा सगळा साठा जाहीर करून नष्ट करणे इराकवर बंधनकारक होते, त्यामुळे एक गोळा उरला तरी तो ठरावाचा भंगच ठरतो. इथपर्यंत आपली बाजू भक्कम आहे. पण फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी त्याच परिषदेपुढे जो दावा केला, तो १०० ते ५०० टन रासायनिक द्रव्याच्या साठ्याचा आणि चालू कार्यक्रमाचा होता. तसे काही सापडले नाही. जुना गोळा सापडल्याने तो दावा सिद्ध होत नाही.

रात्रपाळी

नमस्कार. त्या काळात मी सोलापुरातल्या एका दैनिकात मुख्य उपसंपादक होतो आणि पान लावण्याचे काम माझ्याकडे होते. आपल्या काकांचे कात्रण आमच्याच अंकातले आहे की नाही, ते मला माहीत नाही, पण ती बातमी आम्हीही आतच लावली होती. तेव्हा पहिल्या पानावर काय होते ते आठवते, म्हणून लिहितो.

गोळ्याची बातमी अमेरिकी सैन्याने १७ मे रोजी, सोमवारी जाहीर केली. त्याच दिवशी मुंबईच्या शेअर बाजारात व्यवहार दोनदा थांबवावे लागले आणि निर्देशांक ५६४ अंकांनी खाली येऊन बंद झाला. लोकसभेचा निकाल चारच दिवसांपूर्वी, १३ मे रोजी लागला होता. वाजपेयी सरकार गेले होते आणि सोनिया गांधी पंतप्रधान होणार की नाही हे ठरत नव्हते. आपल्या गावात तर मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे यांच्या पत्नी उज्ज्वला शिंदे यांचा पराभव करून भाजपचे सुभाष देशमुख निवडून आले होते आणि त्या चर्चेला अजून उतार पडला नव्हता. मे महिन्यात आमच्या कचेरीच्या भिंती रात्री अकरालासुद्धा तापलेल्या असत, आणि तशा रात्री शहर आवृत्ती वेळेवर सोडायची असताना परदेशाच्या वाट्याला एक डबल कॉलम उरला होता.

त्यातही इराकची एकच बातमी असती तर गोष्ट वेगळी होती. त्याच १७ मे रोजी इराकच्या प्रशासकीय परिषदेचे अध्यक्ष इझ्झदिन सलीम बगदादमध्ये कारबॉम्बने मारले गेले. अबू गरीबच्या तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रे एप्रिलअखेर बाहेर आली होती आणि रोज त्यांच्यात भर पडत होती. मी सलीम यांची हत्या डबल कॉलममध्ये घेतली आणि सारिनचा गोळा आतल्या पानावर सिंगल कॉलमला दिला. त्यात कोणाला हरवण्याचा किंवा जिंकवण्याचा विचार नव्हता. तरीही एक कबुली मला द्यावीशी वाटते. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यातही त्या गोळ्याचा पाठपुरावा आम्ही केला नाही, कारण ‘शस्त्रे नव्हती’ ही कथा आमच्या मनात तोवर पक्की बसली होती आणि तिच्यात न बसणारी बातमी आम्हाला आपोआप लहान दिसली. पक्षपात बहुधा असाच शिरतो. त्यासाठी कोणाचा हुकूम यावा लागत नाही. आपल्या काकांची तक्रार या अर्थाने खरी होती आणि मी ती स्वीकारतो.

पण बातमी दाबली हा शब्द वापरू नये. जी बातमी छापली गेली, तिला दाबली म्हटले तर सभेतला पहिलाच प्रश्नकर्ता कात्रण मागेल, आणि ते कात्रण आपल्याच वहीत आहे.

होटगी रोड

रात्रपाळी सरांचा अनुभव मान्य करूनही मला वाटते की सोलापूरच्या पानावरून अमेरिकेच्या पानाचा निर्णय करता येत नाही. तिथे त्या वर्षी निवडणूक होती आणि मोठ्या माध्यमसंस्थांचे वागणे निवडणुकीपासून अलग नव्हते. दोन प्रकरणे बाळीवेसकरांनी अवश्य सांगावीत.

पहिले प्रकरण ८ सप्टेंबर २००४ चे. सीबीएस वाहिनीने बुश यांच्या तरुणपणीच्या नॅशनल गार्ड या राखीव दलातल्या सेवेविषयी काही कागद दाखवले. कागदांचा खरेपणा तपासलेला नव्हता. टंकाची अक्षरे आणि त्यांच्यातले अंतर पाहून सामान्य वाचकांनी शंका घेतली, आणि २० सप्टेंबरला वाहिनीला चूक कबूल करावी लागली. जानेवारी २००५ मध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल आल्यावर चौघांवर कारवाई झाली. निवडणुकीला आठ आठवडे उरलेले असताना कागद न तपासता दाखवले गेले, एवढे पुरेसे बोलके आहे.

दुसरे प्रकरण अल काका या ठिकाणाचे. बगदादच्या दक्षिणेकडच्या या कोठारातून सुमारे ३७७ टन तीव्र स्फोटके नाहीशी झाली, ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सने २५ ऑक्टोबरला, मतदानाच्या आठ दिवस आधी छापली आणि बुश यांचे प्रतिस्पर्धी उमेदवार जॉन केरी यांनी ती लगेच प्रचारात घेतली. मला त्यात खटकते ते असे की, इराक धोकादायक नव्हता असे दीड वर्ष सांगणाऱ्यांना अचानक तिथल्या स्फोटकांचा धोका दिसू लागला. ती स्फोटके अणुबॉम्बच्या यंत्रणेतही वापरता येण्याजोगी असल्यामुळेच आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने कोठाराला सील लावले होते, हे किती वाचकांच्या लक्षात आले असेल? बातमी खोटी नव्हती हे मी मान्य करतो. मिनेसोटाच्या एका स्थानिक वाहिनीच्या चित्रफितीत १८ एप्रिल २००३ रोजी, म्हणजे अमेरिकी सैन्य तिथे पोहोचल्यानंतर, सील असलेले दरवाजे आणि आतली पिंपे दिसली होती. त्यामुळे ‘आम्ही येण्याआधीच माल गेला’ हा आमच्या बाजूचा बचाव टिकला नाही.

आणखी एक. उजव्या विचारांचा माणूस म्हणजे वॉशिंग्टनच्या प्रत्येक दाव्याचा समर्थक, असे समीकरण सभेत कोणी मांडले तर त्याला आठवण द्यावी की युद्धाचा निषेध करणारा ठराव आपल्या संसदेने एप्रिल २००३ मध्ये वाजपेयी पंतप्रधान असतानाच केला आणि इराकमध्ये फौज न पाठवण्याचा निर्णयही जुलैमध्ये त्याच सरकारने घेतला.

निवृत्त तोफची

होटगी रोड यांनी सप्टेंबर-ऑक्टोबर सांगितले, पण ६ ऑक्टोबर २००४ राहिले. इराकमध्ये अस्त्रांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी पथकाचे प्रमुख चार्ल्स ड्युल्फर यांचा अहवाल त्या दिवशी प्रसिद्ध झाला. १९९१ नंतर साठा उरला नव्हता, मात्र निर्बंध उठल्यावर पुन्हा सुरुवात करण्याचा सद्दामचा इरादा होता, असा त्याचा निष्कर्ष आहे. वृत्तपत्रांनी पहिला अर्धा भाग मथळ्यात घेतला आणि आमच्या बाजूच्या भाष्यकारांनी दुसरा. पूर्ण वाक्य फार थोड्यांनी वाचले.

आणि २००६ सुद्धा सोडू नका. २१ जून २००६ रोजी सिनेटर रिक सँटोरम आणि प्रतिनिधी पीटर होकस्ट्रा यांनी पत्रकार परिषद घेऊन २००३ पासून सुमारे ५०० रासायनिक गोळे सापडल्याचे जाहीर केले. आकडा खरा होता. त्यावर चढवलेला अर्थ खरा नव्हता, कारण ज्या गुप्तवार्ता टिपणाचा आधार घेतला त्यातच द्रव्य क्षीण झाल्याचे म्हटले होते. सँटोरम यांची स्वतःची निवडणूक नोव्हेंबरात होती आणि ते मोठ्या फरकाने हरले. निवडणुकीसाठी बातमी वापरण्याचा आरोप आपण करणार असू, तर हे उदाहरण आपणच आधी सांगितलेले बरे.

मला सगळ्यात जास्त लागते ते सैनिकांचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनेच, म्हणजे ज्याच्यावर आपला सगळा राग आहे त्याच वृत्तपत्राने, १७ अमेरिकी सैनिक आणि ७ इराकी पोलीस या जुन्या गोळ्यांनी बाधित झाल्याचे उघड केले. कातडीवर मस्टर्ड या विषारी वायूचे फोड आलेल्या माणसांना गप्प राहायला सांगितले गेले होते आणि त्यांचे उपचारही धड झाले नव्हते. पुढे सैन्याकडे अशा संपर्काची तक्रार केलेल्यांची संख्या सहाशेहून अधिक निघाली, आणि मार्च २०१५ मध्ये सैन्याने माफी मागितली. ते मौन वृत्तपत्रांचे नव्हते. बुश सरकारच्या संरक्षण खात्याचे होते. आपल्या बाजूच्या सरकारने आपल्याच सैनिकांविषयी ते पाळले, हे मला आजही सहन होत नाही.

बाळीवेसकर

आपण तिघांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. भाषणाचा आराखडा मी बदलला आहे. ‘दाबली’ हा शब्द काढला. १७ मे २००४ च्या बातम्यांची दोन पाने, पहिले आणि आतले, शेजारी ठेवून सुरुवात करीन, मग ड्युल्फर यांचे वाक्य दोन्ही अर्धांसह वाचीन, सीबीएसचे प्रकरण पक्षपाताचा पुरावा म्हणून घेईन, आणि सँटोरम व सैनिकांचे मौन आपल्या बाजूचा दोष म्हणून स्वतःच सांगेन. ‘काहीच सापडले नाही’ हे वाक्य चुकीचे आहे, यावर मात्र मी ठाम राहणार आहे.

काल रात्री वही पुन्हा चाळली. जून २००६ चे कात्रणही तिच्यात आहे, चांगले तीन कॉलमचे, आणि त्याच्याखाली काकांनी एकच शब्द लिहिला आहे, ‘जुने?’ पुढे प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेले आहे.

तोफची साहेब, आपण सोलापुरातच असाल तर एक विनंती आहे. गोळा फिरताना दोन रसायने कशी मिसळतात, ते आपण फळ्यावर खडूने काढून दाखवाल का? मला ते आपल्यासारखे सांगता येणार नाही. सभा रविवारी संध्याकाळी सहाला आहे, आपल्याला न्यायला मी स्वतः येईन.