शब्दचर्चा : मठार, ताव आणि पाणी

विचारणा : आजीचं तांब्याचं पातेलं परवा माळ्यावरून काढलं. अंगभर हातोडीने ठोकून पाडलेले बारीक खळगे. पुण्याच्या तांबट आळीत या कामाला 'मठार' म्हणतात. पण मठारणे म्हणजे नुसती नक्षी काढणे का?

– नक्षी ही वरकमाई. ताव देऊन, म्हणजे भट्टीत लाल तापवून, मऊ केलेला पत्रा हाताने वाकतो. त्याचं भरलं पातेलं काठाला धरून उचललं तर आकारच जाईल. मठारलं की धातूच्या आतले दाणे, म्हणजे बारीक स्फटिक, चेपतात, अणूंच्या थरांना एकमेकांवरून सरकणं अवघड होतं आणि पत्रा ताठ होतो.

– मग घडवताना मध्येच भट्टीत का घालतात?

– ठोकून ठोकून तो इतका ताठरतो की पुढच्या ठोक्याला चिरतो. ताव दिला की चेपलेल्या दाण्यांच्या जागी नवे दाणे धरतात. पुस्तकात याला 'पुनर्स्फटिकीकरण' म्हणतात. मला 'ताव' पुरतो. ताव जास्त झाला तर दाणे मोठे होतात आणि वाकवलेला पत्रा संत्र्याच्या सालीसारखा दिसतो.

– लाल तांबं पाण्यात बुडवतात ते 'पाणी देणे'च ना? कोयत्याला देतात तसं?

– इथेच गफलत होते. पोलाद पाण्याने कडक होतं. तांबं तावानेच मऊ झालेलं असतं, पाणी फक्त लवकर गार करायला. काशाचं तर उलटंच! शंभरात बावीस भाग कथील असलेलं कासं सावकाश निवलं तर आत तांबे-कथिलाचं ठिसूळ संयुग जमतं. वाटी पडली की फुटली. लाल असतानाच पाण्यात टाकली तर ते जमायला वेळच मिळत नाही, वाटी त्यामानाने चिवट राहते. केरळात अशी भांडी घडवतात. आणि तिथलाच आरन्मुळ्याचा धातूचा आरसा त्या ठिसूळ संयुगाचाच : कथील 32-33 टक्के, झिलई अप्रतिम, हातातून सुटला तर तुकडे.

– म्हणजे 'पाणी देणे : कडक करणे' हा अर्थ पोलादापुरताच. 'तापवून एकदम गार करणे' म्हणावं.

विचारणा : पटलं. पातेलं कल्हईला द्यायचंय, मठार मऊ पडेल का?

– कथील 232 अंशांना वितळतं. भरपूर ठोकलेलं तांबं त्याच सुमाराला मऊ पडायला लागतं. कल्हईवाल्याला म्हणावं, कथील पसरलं की भाता थांबव, पातेलं लाल होऊ देऊ नकोस.